सह्याद्रीत मुक्काम: गोव्याच्या डोंगरात कधी जावे, कुठे राहावे

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही पाचजण चोर्ला घाटाच्या माथ्यावर तीन रात्री राहायला गेलो होतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. फोटोत त्या घराच्या पडवीतून समोर खोल दरी दिसत होती आणि दरीपलीकडे वझर, म्हणजे धबधबा. तीन दिवसांत ती दरी आम्हाला सगळी मिळून अर्धा तास दिसली असेल. बाकी सगळा वेळ पडवीच्या कठड्यापलीकडे नुसते पांढरे धुके. पहिल्या रात्री गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. टॉवेल वाळले नाहीत, उशा दमट झाल्या आणि सासूबाईंचे गुडघे असे धरले की तिसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवताना दोघांनी आधार द्यावा लागला. घर चांगले होते, जेवण उत्तम होते, माणसे मायेची होती. चुकला होता तो महिना. त्याच घरात आम्ही पुढे ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, तेव्हा पहाटे सहाला दरी तळापर्यंत स्वच्छ होती आणि सासूबाई शाल पांघरून दोन तास तिथून हलल्या नाहीत.

तेव्हापासून मी मुक्काम ठरवताना एकच क्रम पाळते. आधी महिना, मग उंची, मग तालुका आणि घर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. आधी घराचा फोटो आवडतो, मग सुट्टी कधी मिळते ते पाहतात आणि पाऊस, धुके, रस्ता, ओढा या गोष्टी तिथे पोहोचल्यावर कळतात. डिचोलीत राहून वर्षातून दोन-तीनदा डोंगरात मुक्काम करताना जे कळत गेले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. गोव्यातली कितीतरी कुटुंबे सुट्टीला महाबळेश्वर किंवा उटी गाठतात आणि घरापासून दीड तासावरचा सह्याद्री त्यांनी आत जाऊन कधी पाहिलेलाच नसतो. मला याचे खरोखर वाईट वाटते.

नकाशा उंचीने वाचा

आपल्याकडचा डोंगर म्हणजे थंड हवेचे ठिकाण नव्हे, हे आधी मनाशी पक्के करावे. गोव्यातले सगळ्यात उंच शिखर सोसोगड, तेही हजार मीटरच्या थोडेसेच वर. आणि मुक्कामाच्या बहुतेक जागा शिखरावर नाहीत, पायथ्याला आहेत. वाळपई, केरी, मोले, कुळे, नेत्रावळी, खोतीगाव ही सगळी गावे डोंगराच्या कुशीत असली तरी समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. खऱ्या अर्थाने वर म्हणावी अशी जागा म्हणजे चोर्ला-सुर्ला पट्टा, साधारण आठशे मीटर.

हा फरक शरीराला लगेच कळतो. दर हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे चोर्ल्याला पणजीपेक्षा पाचेक अंश कमी. पायथ्याच्या गावांत हा फायदा नाही, पण तिथे दुसरी गंमत आहे. समुद्र दूर असल्यामुळे रात्री जमीन पटकन थंड होते आणि थंड हवा उतरून दरीत साचते. डिसेंबर-जानेवारीत मोल्यात किंवा नेत्रावळीत पहाटे गोधडी लागते, त्याच वेळी कळंगुटला पंखा चालू असतो. उलट एप्रिलच्या दुपारी हेच पायथ्याचे गाव किनाऱ्यापेक्षा जास्त तापते, कारण खारा वारा तिथवर पोहोचत नाही. एकच जागा जानेवारीत स्वर्ग आणि एप्रिलमध्ये भट्टी, असे होते ते यामुळे.

महिना ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा.

गोव्यात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ५ जूनच्या सुमारास येतो. राज्याचा वर्षाचा पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोलण्यात एकशेवीस इंचांच्या आसपास. पण ही झाली सरासरी. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून सत्तरी आणि सांगे या डोंगराळ तालुक्यांत त्याहून पुष्कळ जास्त पडतो. जुलै सगळ्यात मोठा. ज्यांना पाऊस पाहायचा आहे, ऐकायचा आहे, त्यांनी जुलै-ऑगस्टला जरूर जावे, मात्र मुक्काम पायथ्याला करावा. माथ्यावर तुम्ही ढगाच्या आत असता. पायथ्याला ढग तुमच्या डोक्यावर असतो आणि समोरच्या डोंगरावरून दहा ठिकाणी उतरणारे पांढरे वझर दिसतात. केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने घाटाकडे पाहिले की मी काय म्हणते ते पटेल. माथ्यावर जायचेच असेल तर सकाळी वर जाऊन दुपारी खाली यावे. धुक्यातला चोर्ला अंधारात उतरण्याचा प्रसंग आणू नये.

पावसाळ्यातल्या जेवणासाठीही पायथ्याचे गाव चांगले. ताकळा, तेरे, कुड्डुकेची भाजी, कोवळ्या बांबूची किल्ल, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. हे हॉटेलच्या मेनूवर मिळत नाही, घरातल्या बाईने सकाळी खुडून आणले तरच पानात येते. जुलै-ऑगस्टात रोयण्यावरची, म्हणजे वारुळावरची अळमी (अळंबी) मिळाली तर भाग्यच. मात्र ती अभयारण्यातून उपटून आणलेली नसावी, हे विचारून घ्यावे. जमिनीखालच्या वाळवीच्या वारुळावर ती वाढते आणि कळीच खुडली तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही, असे सत्तरीतले जाणते लोकच सांगतात.

चवथीचे दिवस टाळा. गणेश चतुर्थीला गोव्यातला माणूस मूळ घरी जातो, आणि तुमच्या होमस्टेची मालकीणही तुमच्याइतकीच सणात असते. गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पाहुणे सांभाळायचे. त्यात आपण अनोळखी पाहुणे म्हणून जाऊन बसणे बरे दिसत नाही. ओळखीचे घर असेल आणि त्यांनी बोलावले असेल तर गोष्ट वेगळी.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ माझा सगळ्यात लाडका. पाऊस सरत आलेला, वझर अजून भरलेले, धुके सकाळचे दोन तास आणि मग ऊन. सुर्ल्याच्या सड्यावर जांभ्या दगडाच्या फटीत सीतेची आसवे, तेरडा आणि किडे खाणारे दवबिंदू फुललेले असतात. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही मुलांना वाटेवरूनच चालायला लावतो. आयुष्यात एकदाच चोर्ल्याच्या माथ्यावर राहणार असाल तर या सहा आठवड्यांत राहा. दुपारचा गडगडाटी पाऊस ऑक्टोबरात येतो, म्हणून फिरणे सकाळी उरकावे.

दूधसागरसाठी कुळ्याहून सुटणाऱ्या जीपही साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. पावसाळ्यात त्या बंद, कारण वाटेत न्हंय, म्हणजे नदी, ओलांडावी लागते. तीनशे दहा मीटरचा तो धबधबा पाण्याने भरलेला पाहायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच. एप्रिलमध्ये गेलेला पाहुणा 'एवढेच?' असे म्हणतो आणि त्यात त्याची चूक नसते.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा पक्ष्यांचा आणि थंडीचा काळ. तेव्हा नदीकाठचे, जंगलाला लागून असलेले पायथ्याचे घर घ्यावे. पहाटे साडेसहाला मोल्यात किंवा खोतीगावात अंगणात नुसते बसले तरी माडगरुडाच्या, म्हणजे धनेश पक्ष्याच्या, पंखांचा तो जाड फडफडाट ऐकू येतो. काळ्या डोक्याचा, केशरी कंठाचा बुलबुल, आपल्या गोव्याचा राज्यपक्षी, तोही इथे सहज दिसतो. २० डिसेंबर ते ५ जानेवारी मात्र वगळावे. किनाऱ्याची गर्दी तेव्हा आतपर्यंत सांडते आणि भाडे वाढते.

फेब्रुवारीअखेर काजूच्या बोंडांचा वास. मार्चमध्ये सत्तरीच्या गावांत भाट्या पेटतात आणि ताजा उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिली दारू, निघतो. याच सुमारास शिगमो, म्हणजे आपला होळीचा सण, येतो. सत्तरीचा शिगमो शहरातल्या चित्ररथांच्या मिरवणुकीपेक्षा अगदी वेगळा. घोडेमोडणी, करवल्या, झर्म्याचा चोरोत्सव हे सगळे गावच्या देवाचे, गावच्या मानकऱ्यांचे. पाहायला जायचे तर गावातल्या कुणाच्या तरी घरी मुक्काम करावा आणि कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारावे.

एप्रिल-मे उरला. तेव्हा दोनच जागा: माथा किंवा कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची सावलीची बाग. उघड्या माळावरचे पत्र्याच्या छपराचे कॉटेज कितीही देखणे असले तरी घेऊ नका. मेच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर, काजव्यांची झाडे लुकलुकतात. ते आठ-दहा दिवस नेमके पकडता आले तर त्या उकाड्याचेही चीज होते. एकदा आम्ही खोतीगावच्या बाजूला दिवे बंद करून अंगणात बसलो होतो. धाकटा दर मिनिटाला विचारत होता, आता बोलू का? आणि कुणीच काही बोलत नव्हते.

तालुका निवडा

डोंगर चार तालुक्यांत पसरला आहे आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

सत्तरी विस्तीर्ण. १९९९ साली जाहीर झालेले म्हादई अभयारण्य याच तालुक्यात, २०८ चौरस किलोमीटर. पावसाळ्यासाठी, वझरांसाठी, शिगम्यासाठी आणि मराठी बोलणाऱ्या पाहुण्याला घरासारखे वाटण्यासाठीही सत्तरी. इथे संध्याकाळी देवळातून भजनाचा आवाज येतो आणि घरातली आजी तुमच्याशी अर्धे कोंकणीत, अर्धे मराठीत बोलते. वाळपई किंवा साखळीजवळ राहिलात तर दवाखाना, बाजार, पेट्रोल हाताशी असते. ज्यांच्याबरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस आहे त्यांनी पहिला मुक्काम इथेच करावा. चोर्ल्याकडे मुक्काम असेल तर टाकी साखळीलाच भरा. एक लक्षात असू द्या, घाटमाथ्यावरची काही घरे प्रत्यक्षात कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात येतात. तिन्ही राज्यांच्या सीमा तिथे भिडतात. फोनचे टॉवर, पोलीस, वीज, सगळे त्याप्रमाणे बदलते.

धारबांदोड्यात मोले आणि कुळे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर. पणजीहून साठेक किलोमीटर, रस्ता चांगला, आणि गाडी नसलेल्यांना सगळ्यात सोयीचे, कारण कुळ्याला रेल्वे स्थानक आहे. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर इथून जवळ. घडीव काळ्या दगडाचे ते छोटेसे देऊळ सकाळी आठच्या आत पाहावे, गाभाऱ्यात ऊन शिरते तेव्हा. खटकणारी गोष्ट एकच, राष्ट्रीय महामार्ग. अनमोड घाटाकडे जाणारे ट्रक रात्रभर चालू असतात. महामार्गाला लागून असलेल्या घरात राहिलात तर जंगलाऐवजी ब्रेकचे आवाज ऐकाल. मुख्य रस्त्यापासून निदान एक किलोमीटर आत, ही अट ठेवा.

कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेमार्ग पाहण्यासारखा आहे, सदतीस फुटांना एक फूट चढ. पण दूधसागरला उतरून रुळांवरून चालत जायचे नाही, त्याला मनाई आहे आणि दंडही होतो. गाडीतून पाहा, पोटभर पाहा.

सांग्यातले नेत्रावळी माझ्या मते गोव्यातले सगळ्यात शांत मुक्कामाचे गाव. अभयारण्य २११ चौरस किलोमीटरचे, आणि गावात गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी. पायऱ्यांवर उभे राहून टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात असे म्हणतात. माझी मुले तिथून उठायला तयार नसतात. पण नेत्रावळीला जायचे ते कुळागरात राहायला.

कुळागर ज्यांनी आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडाला बिलगलेली मिरवेल, मध्ये केळी, जायफळ, खाली अननस आणि अळू, आणि या सगळ्यांतून फिरवलेला पाण्याचा पाट. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उताराने येते, त्याला पंप लागत नाही. आम्ही राहिलो होतो तिथले आजोबा सकाळी फावडे घेऊन निघत. एका वाफ्यापाशी पाटाचे तोंड मातीने बुजवायचे, पुढचे उघडायचे, पाणी वळले की तिथेच उकिडवे बसून ते मुळाशी पोहोचेपर्यंत पाहत राहायचे. मुलगी त्यांच्या मागे मागे. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः एक तोंड बुजवले, पाणी वळले, आणि आजोबांनी फावडे तिच्या हातात दिले. मार्चच्या भर दुपारी तिथे बसले तरी अंगाला गारवा लागतो. उन्हाळ्यात कुळागर निवडा म्हणते ते यासाठी.

काणकोणचे खोतीगाव अभयारण्य या सगळ्यांत लहान, ८६ चौरस किलोमीटर. एका दिवसात जंगल आणि समुद्र दोन्ही हवे असलेल्यांसाठी ही जागा, कारण पाळोळेचा किनारा जवळच. घरातले निम्मे लोक डोंगर म्हणत असतील आणि निम्मे समुद्र, तर वाद न घालता काणकोण घ्या.

सीमेपलीकडचे आंबोलीही आपल्या लोकांना जवळचे, सावंतवाडीवरून वर. ते खरे घाटमाथ्यावरचे गाव आणि महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. चोर्ल्याला जे महिने लागू, तेच तिथेही.

घर ठरवताना फोनवर काय विचारावे

संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी घरमालकाशी स्वतः बोला. पाच मिनिटांच्या बोलण्यात जे कळते ते पन्नास फोटोंत कळत नाही.

माझा पहिला प्रश्न असतो, "घर आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आहे का? त्यावर पूल आहे की नुसती फरशी, ठेंगणा फरशीपूल?" पावसाळ्यात याच्यापेक्षा महत्त्वाचे काही नाही. फरशीवरून पाणी जाऊ लागले की तुम्ही अलीकडे किंवा पलीकडे अडकता, आणि ते कधी ओसरेल हे घाटावर पाऊस किती पडतो त्यावर ठरते, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरीही. मालक लपवाछपवी न करता सांगतात. विचारणाराच भेटत नाही.

दुसरा, पायऱ्या किती. 'थोड्याच आहेत' हे उत्तर घेऊ नका, आकडा विचारा. डोंगरउतारावरच्या घरांत गाडी ठेवण्याच्या जागेपासून खोलीपर्यंत चाळीस-पन्नास पायऱ्या सहज असतात, आणि शेवाळलेल्या असतात. न्हाणीघर खोलीला जोडून आहे की अंगणात, तेही विचारा.

वीज गेली तर काय? इन्व्हर्टर किती तास चालतो, गरम पाणी विजेवर की चुलीवर? चुलीवरचे असेल तर उत्तम, ते कधी बंद पडत नाही. ज्यांना झोपेत श्वासाचे यंत्र लागते किंवा इन्सुलिन थंड ठेवावे लागते त्यांनी याचे स्पष्ट उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फोनला रेंज कोणत्या कंपनीची आणि घरात येते की वळणावर जाऊन उभे राहावे लागते? नेत्रावळी आणि सुर्ल्याच्या बऱ्याच भागांत ती मिळत नाही. सुट्टी म्हणून ते चांगलेच, पण १०८ ला फोन कुठून करायचा हे पहिल्याच संध्याकाळी पाहून ठेवावे. आम्ही मुलांनाही ती जागा दाखवून ठेवतो.

जेवणाचे आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण बाजार लांब. बऱ्याच घरांत सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणभर मासे शिजत नाहीत. मासे हवेच असतील तर वार पाहून जा. मी तर म्हणेन, ते जेवतील तेच जेवा. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, सोलकढी आणि एखादी रानभाजी, एवढ्यावर माझी मुले शहरातल्यापेक्षा जास्त जेवतात.

आणि नोंदणी. गोव्यात पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते. 'नोंदणी क्रमांक पाठवता का?' असे सरळ विचारा. नोंदणी असलेल्याला त्यात राग येण्यासारखे काही नसते. अभयारण्याच्या आत राहायचे तर वनखात्याची कॉटेजेस आहेत, मोले, बोंडला, खोतीगाव इथे. साधी, स्वच्छ आणि जंगलाच्या सगळ्यात जवळ. बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, त्यासाठी जाणाऱ्यांनी वार सांभाळा.

किती रात्री, कोणते वार

दोन रात्री किमान, तीन उत्तम. एका रात्रीसाठी डोंगरात जाऊ नये. पहिला दिवस पोहोचण्यात, दुसरा निघण्यात, आणि ज्या पहाटेसाठी गेलो ती एकच मिळते, तीही नेमकी धुक्याची निघते.

वार म्हणाल तर रविवार ते बुधवार. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चोर्ला घाटात बेळगावकडून आणि आपल्या बाजूने इतक्या गाड्या येतात की वळणावर थांबायला जागा नसते. १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी तर विसराच.

संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामी पोहोचा. रात्री या रस्त्यांवर गवे येतात. आठशे-नऊशे किलोचा काळा गवा अंधारात दिव्यांच्या झोतात येईपर्यंत दिसतच नाही. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने जाणाऱ्यांनी तालुक्याच्या गावातून आत जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते हे मालकालाच विचारावे.

वझर, जळवा आणि माकडताप

पाण्यात उतरण्याबद्दल कडक राहा. २०२३ च्या जुलैमध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. दर पावसाळ्यात नियम काय आहे ते निघण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या, आणि बंदी असेल तर आडवाटेने नेणारा गावातला पोरगा मिळाला तरी जाऊ नका. वझराचे पाणी वर घाटात पडलेल्या पावसाने वाढते. खाली तुम्हाला पाऊस लागतही नाही आणि दोन मिनिटांत गुडघ्याचे पाणी कमरेला येते. पाणी गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, की तसेच बाहेर या. चप्पल राहिली तर राहू द्या.

जळवांना घाबरू नये. मोजे पँटवर ओढावेत, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवावी. चिकटली तर ओढून काढू नये, मीठ लावले की सुटते.

गोचिडाचे मात्र गंभीरपणे घ्या. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाचे रुग्ण आढळले आणि पुढच्या वर्षांत या भागात माणसे दगावलीही. हा आजार गोचिडाच्या चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे या काळात, काजूच्या हंगामातच, त्याचा जोर असतो. म्हणून त्या महिन्यांत रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यावर बसू-लोळू नका, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि मुलांच्या कानामागे, काखेत, कमरेला नीट पाहा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या रानात गेलो होतो' हे न विसरता सांगा. घरच्या घरी गोळी घेऊन दिवस काढू नका.

निघण्याआधीचे दोन दिवस

दोन दिवस आधी मालकाला पुन्हा फोन करा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर मुक्काम पुढे ढकला आणि पैशांबद्दल आधीच बोलून ठेवा. बहुतेक घरे तारीख बदलून देतात. घाटात दरड कोसळली आहे का, हेही त्यांना तुमच्या फोनवरच्या नकाशापेक्षा आधी कळते.

गेल्या पावसाळ्यात आमचा सत्तरीतला मुक्काम ठरला होता. शुक्रवारी सकाळी तिथल्या ताईंचाच फोन आला. म्हणाल्या, "ह्या खेपेला येऊ नका. व्हाळाला पाणी चढलंय, काल आमचा भाऊसुद्धा पलीकडेच राहिला." मुलांनी बॅगा भरल्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले. पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन आला. पाणी उतरले होते, फरशी मोकळी झाली होती, आणि त्यांनी आमच्यासाठी तेऱ्याची भाजी राखून ठेवली होती.